फायलींचे जुने पत्ते

युनिक्समध्ये साऱ्या फायली एकाच मुळाखाली असतात. ड्राइव्हला वेगळी अक्षरं नाहीत. एक तिरपी रेघ, आणि तिच्याखाली सगळं झाड. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर मशीनवर टाकताना पहिला प्रश्न जागेचा येतो: हे ठेवायचं कुठे? त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न असतात. ही फाईल कोणी ठेवली? पुसायचा अधिकार कोणाचा? आणि सिस्टीम नव्याने टाकली तर ती राहणार की जाणार?

चांगल्या पत्त्यावरून या तिन्हींचं उत्तर वाचता येतं. गेल्या पन्नास वर्षांत असे पुष्कळ पत्ते ठरले, त्यांवरून वाद झाले, ते बदलले. काही आता नाहीत. काही नावापुरते उरलेत. त्यांची ही नोंद.

/यूएसआर/केन

१९७१च्या नोव्हेंबरात बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. तेव्हा केन टॉम्प्सनच्या फायली /यूएसआर/केनमध्ये असत. /यूएसआर ही माणसांची जागा होती. सिस्टीमचे प्रोग्रॅम /बिनमध्ये.

डिस्क लहान होत्या. टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४च्या निबंधात आपल्या मशीनचं वर्णन दिलं आहे: त्यातल्या काढता-घालता येणाऱ्या कार्ट्रिज डिस्क अडीच मेगाबाइटच्या. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात बऱ्याचदा मावणार नाही. /बिन भरलं तेव्हा काही कमांड माणसांच्या डिस्कवर नेऊन ठेवल्या, /यूएसआर/बिनमध्ये. त्या काळच्या मॅन्युअलात कारण सरळ दिलेलं आहे: /बिन लहान राहावं म्हणून. मागोमाग लायब्ररी गेल्या, मॅन्युअल गेलं, स्पूल गेला. सिस्टीम /यूएसआरमध्ये पसरत गेली आणि माणसांना तिथून उठावं लागलं. कुठे /यू, कुठे /यूएसआर२, शेवटी बहुतेकांचं /होम.

जागा कमी पडली म्हणून केलेली सोय पुढे कितीतरी पुस्तकांत रचनेचं तत्त्व म्हणून शिकवली गेली. विद्यार्थ्यांनी ती पाठ केली. मुळाशी भरलेली एक डिस्क होती, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर ती लवकर समजली असती.

/बिन

हे नाव अजून आहे. त्यामागची वेगळी डिरेक्टरी गेली.

/बिन आणि /यूएसआर/बिन अशी विभागणी झाल्यावर एक नियम आपोआप आला. दुसरी डिस्क जोडायला माउंट कमांड लागते, म्हणून ती कमांड पहिल्या डिस्कवरच हवी. यातूनच पुढची शिस्त बांधली गेली: मशीन उभं करायला आणि बिघडलेलं मशीन सावरायला जे लागतं तेवढं /बिन आणि /लिबमध्ये, बाकी सगळं /यूएसआरमध्ये. कित्येक वर्षं ही शिस्त खरोखर उपयोगी होती. /यूएसआरची डिस्क उघडेना झाली तरी शेल मिळायचा, एडिटर मिळायचा, बॅकअपच्या टेपवरून परत आणता यायचं. रात्री सर्व्हर पडला की अ‍ॅडमिनच्या हातात एवढंच असायचं.

मग लिनक्सवर हे काम इनिटरॅमएफएसने घेतलं. बूट होताना मेमरीत एक छोटी फाईल सिस्टीम उघडते, डिस्क शोधायची, कुलूपबंद असेल तर उघडायची, जोडायची, हे सगळं तीच करते. विभागणीचं कारण संपलं. उरला तो त्रास. प्रत्येक पॅकेज करणाऱ्याने ठरवायचं की ही कमांड बूटला लागते की नाही, आणि हे ठरवताना प्रत्येक डिस्ट्रोचं (लिनक्सच्या वितरणाचं) उत्तर वेगळं. २०१२मध्ये हॅराल्ड होयर आणि के सीव्हर्स यांच्या पुढाकाराने फेडोरा १७ने दोन्ही एकत्र केल्या. /बिन ही /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी सिमलिंक झाली. पुढच्या वर्षी आर्च लिनक्सने तेच केलं.

डेबियनला फार वेळ लागला, आणि तो का लागला हे नोंदवण्यासारखं आहे. डेबियनचं डीपीकेजी प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी ठेवतं, गावच्या सातबाऱ्यासारखी: कोणता तुकडा कोणाच्या नावावर. आता /बिन आणि /यूएसआर/बिन एकच झालं, पण यादीत पत्ते दोन राहिले. जमीन एक, गट नंबर दोन. एखादी फाईल एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली आणि त्याच वेळी /बिनमधून /यूएसआर/बिनमध्ये गेली, तर जुनं पॅकेज जाताना नव्याची फाईल घेऊन जाऊ शकतं. डीपीकेजीच्या लेखी ती वेगळीच फाईल असते. म्हणून तांत्रिक समितीने काही काळ फायली हलवायलाच मनाई केली. २०१९च्या बस्टर या आवृत्तीत नवीन मशीनवर एकत्र रचना आली, २०२३च्या बुकवर्मपासून तीच सक्तीची झाली, आणि पॅकेजांच्या याद्यांतले पत्ते एकेक करून दुरुस्त करण्याचं काम त्यानंतरही चालू राहिलं. हजारो पॅकेजांमधलं हे किचकट काम थोड्या माणसांनी चिकाटीने पार पाडलं. ते वापरणाऱ्यांना जाणवलंही नाही, आणि अशा कामाची खरी गुणवत्ता तीच आहे.

विभागणी गेली याचं मला दुःख नाही. ती जायला हवी होती. नाव मात्र जाणार नाही, कारण जगातल्या असंख्य स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच असं लिहिलेलं आहे.

/ईटीसी/इनिट, /ईटीसी/माउंट

/ईटीसीत आज फक्त सेटिंगच्या फायली अपेक्षित असतात. पूर्वी तिथे प्रोग्रॅमही होते: इनिट, माउंट, गेटी. पुढे ते /एसबिनमध्ये गेले. पासवर्डची गुंतवळही (हॅश) इथल्याच /ईटीसी/पासडब्ल्यूडीत असे, आणि ती फाईल सगळ्यांना वाचता येई. आता ती गुंतवळ शॅडो फाईलमध्ये आहे, सामान्य वापरकर्त्याला दिसत नाही.

/यूएसआर/स्पूल, /यूएसआर/एडीएम, /यूएसआर/टेम्प

छपाईची रांग, टपाल, लॉग. सतत बदलणाऱ्या या फायली एके काळी /यूएसआरच्याच पोटात होत्या. त्यांना बाहेर काढलं ते सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या डिस्क नसलेल्या मशीनांनी.

ऐंशीच्या दशकात डिस्क महाग. म्हणून सनने अशी वर्कस्टेशनं विकली ज्यांना स्वतःची डिस्कच नव्हती; /यूएसआर नेटवर्कवरून, सर्व्हरकडून यायचं. एकच /यूएसआर पंधरा-वीस मशीनं वापरणार तर त्यात कोणालाच लिहिता येता कामा नये. बदलणारं सगळं वेगळं काढावं लागलं, आणि सनओएस ४ या १९८८च्या आवृत्तीत /व्हार आलं. ज्या फायली कुठल्याही प्रोसेसरवर सारख्याच चालतात, म्हणजे मॅन्युअलची पानं, शब्दसूची, टाइमझोन, त्यांची वेगळी जागा ठरली: /यूएसआर/शेअर. सर्व्हरवर मोटोरोलाच्या चिपचं एक /यूएसआर, स्पार्कचं दुसरं, आणि दोघांना शेअर मात्र एकच.

डिस्क नसलेलं ते वर्कस्टेशन गेलं. त्याने शिकवलेला भेद टिकला: एकदा ठेवून न बदलणारं एकीकडे, रोज बदलणारं दुसरीकडे. आज /यूएसआर सगळं कुलूपबंद ठेवून चालणाऱ्या सिस्टीम निघाल्या आहेत. त्यांची सुरुवात इथे आहे.

/व्हार/लॉक/एलसीके..टीटीवायएस०

मोडेमचं कुलूप. एका सिरीयल पोर्टवर एक मोडेम, आणि तो वापरायला दोन-तीन प्रोग्रॅम टपलेले. जो आधी पोचेल त्याने ही फाईल करायची आणि तीत आपला प्रोसेस नंबर लिहायचा. लिहायची रीतही ठरलेली होती, यूयूसीपीच्या काळापासूनची. नंबर दहा अक्षरांच्या जागेत उजवीकडे सरकवून, डावीकडे मोकळ्या जागा, शेवटी नवी ओळ. १२३० हा नंबर असेल तर सहा मोकळ्या जागा, चार आकडे, एक नवी ओळ: अकरा अक्षरं. फाईल सिस्टीमच्या मानकात हे उदाहरण असंच्या असं दिलेलं आहे. इतक्या बारकाईने ते लिहिलं, कारण वेगवेगळ्या लोकांच्या प्रोग्रॅमना एकमेकांचं कुलूप ओळखता यायला हवं होतं.

/व्हार/लॉक आणि /व्हार/रन दोन्ही २०११च्या आसपास /रनमध्ये गेल्या. ती डिरेक्टरी मेमरीत असते, मशीन बंद केलं की रिकामी.

/यूएसआर/मॅन/कॅट१

मॅन्युअलची छापायला तयार पानं. मूळ पान ट्रॉफच्या खुणांमध्ये लिहिलेलं असायचं, ते मांडून पडद्यावर आणायला त्या काळच्या मशीनला वेळ लागायचा. म्हणून एकदा मांडलेलं पान इथे जपून ठेवायचं. मशीनं वेगवान झाली. गरज उरली नाही.

/यूएसआर/डॉक

मानकाने सांगितलं की माहितीपत्रकं /यूएसआर/शेअर/डॉकमध्ये जावीत. डेबियनमध्ये तेव्हाच हजारो पॅकेजं होती, एका रात्रीत सगळी हलणार नव्हती. मधल्या काळात वाचणाऱ्याने दोन्हीकडे शोधावं का? १९९९मध्ये तांत्रिक समितीने ठरवलं: हललेल्या प्रत्येक पॅकेजने जुन्या जागी सिमलिंक ठेवावी. वाचणाऱ्याला जुनाच पत्ता पुरेल. मग पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्या सिमलिंक हळूहळू काढायच्या. कित्येक वर्षं लागली. पण मधल्या काळात माहिती शोधणारा कोणी अडला नाही.

/यूएसआर/एक्स११आर६

एक्स विंडो सिस्टीमचं अख्खं बिऱ्हाड. स्वतःचं बिन, स्वतःचं लिब, स्वतःचं मॅन. पत्त्यातच आवृत्ती: अकरावी, सहावी रिलीज. १९९४पासून दहा-बारा वर्षं पडद्यावरचं सगळं इथून येत होतं.

आवृत्ती पत्त्यात घालण्यात एक शहाणपण होतं. आर५ आणि आर६ शेजारी-शेजारी राहू शकत. पण सातवी रिलीज आली तेव्हा डिरेक्टरीचं नाव बदलायचं धाडस फारसं कोणी केलं नाही, कारण तोवर असंख्य मेकफायलींमध्ये आर६ असं कोरलं गेलं होतं. २००५च्या डिसेंबरात एक्स.ऑर्गने तो एकसंध पसारा शेकडो लहान पॅकेजांमध्ये फोडला, आणि डिस्ट्रोंनी ती पॅकेजं सरळ /यूएसआरमध्ये टाकली. फ्रीबीएसडीने २००७मध्ये /यूएसआर/लोकलमध्ये नेली.

तोटा इतकाच की आता ग्राफिक्सचं काय आणि बाकीचं काय हे पत्त्यावरून कळत नाही. सर्व्हरवर पडदा नको असेल तर पूर्वी ही एक डिरेक्टरी टाळली की झालं.

/यूएसआर/यूसीबी, /यूएसआर/सीसीएस/बिन, /यूएसआर/एक्सपीजी४/बिन

सनचं सोलारिस. एकाच मशीनवर एकाच कमांडच्या दोन-तीन आवृत्त्या, प्रत्येक युनिक्सच्या वेगळ्या घराण्याची. /यूएसआर/बिनमधला पीएस एटी अँड टीच्या रीतीचा, त्याला वजा ईएफ सांगायचं. /यूएसआर/यूसीबीतला पीएस बर्कलीचा, त्याला एयूएक्स. /यूएसआर/एक्सपीजी४/बिनमधला ग्रेप मानकाप्रमाणे वागणारा. मेक आणि लिंकर /यूएसआर/सीसीएस/बिनमध्ये. ते पाथमध्ये (कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) घालायला विसरलं की नवीन मशीनवर काहीही कंपाइल होत नसे. सनच्या कंपायलरचा पत्ता आणखी वेगळा, /ऑप्ट/एसयूएनडब्ल्यूएसप्रो.

हे गोंधळाचं वाटतं, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. बर्कली आणि एटी अँड टी यांचा वाद मिटलेला नव्हता. सनने तो मिटल्याचं भासवलं नाही. दोघांना जागा दिली आणि निवड वापरणाऱ्याच्या पाथवर सोडली. एखाद्याच्या प्रोफाइलमधला पाथ वाचला की तो माणूस कुठे शिकला, कोणत्या मशीनवर वाढला, ते कळायचं. २०११च्या सोलारिस ११ने सीसीएसमधल्या गोष्टी /यूएसआर/बिनमध्ये आणल्या.

/ऑप्ट/केडीई३, /ऑप्ट/नोम

सुझेची रीत. प्रत्येक डेस्कटॉपला स्वतंत्र डिरेक्टरी. पुढे दोन्ही /यूएसआरमध्ये विरघळले. /ऑप्ट मात्र जिवंत आहे, एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्ह रिलीज ४पासून. बाहेरच्या कंपनीने आपलं सगळं सामान /ऑप्टखाली स्वतःच्या नावाने ठेवावं, नको झालं तर ती एक डिरेक्टरी काढावी. क्रोम आजही /ऑप्ट/गूगल/क्रोममध्ये उतरतो.

/एसडब्ल्यू

मॅकवरच्या फिंक या पॅकेज-साधनाने निवडलेला पत्ता. कोणाच्याही वाटेला न जाणारा, मुळालगतचा, लहान. २०१९च्या मॅकओएस कॅटालिनाने सिस्टीमचा भाग फक्त वाचण्यापुरता केला आणि मुळाखाली सरळ नवी डिरेक्टरी करायची सोय गेली. फिंक /ऑप्ट/एसडब्ल्यूमध्ये गेलं.

/यूएसआर/गेम्स

सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये बुद्धिबळ इथे होतं. खेळांना वेगळी जागा असल्यामुळे अ‍ॅडमिनला ती दिवसा बंद ठेवता येई. फ्रीबीएसडीने उरलेले प्रोग्रॅम /यूएसआर/बिनमध्ये हलवले. डेबियनमध्ये ही डिरेक्टरी अजून आहे.

/यूएसआर/लोकल

या यादीत ही असावी की नाही, यावर मी बराच विचार केला. डिरेक्टरी जवळजवळ सगळीकडे आहे. कित्येक लिनक्स मशीनवर ती रिकामीच असते.

मानक सांगतं ते असं: सिस्टीम अद्ययावत करताना हिला हात लावायचा नाही. डिस्ट्रोने इथे काही ठेवायचं नाही. ही जागा मशीन सांभाळणाऱ्या माणसाची. नकाशावर एवढा एकच कोपरा असा, जिथे बाहेरच्या कोणाचं चालत नाही.

ग्नूच्या संकेतांनी तिला वजन दिलं. सोर्स उतरवा, उघडा, कॉन्फिगर चालवा, मेक, मेक इन्स्टॉल. प्रीफिक्स दिला नाही तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये. विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या मशीनवर शंभर माणसं काम करत. त्यांच्यापैकी कोणाला तरी नवं ईमॅक्स हवं असे, कोणाला पर्ल, कोणाला टेक. एक माणूस ते कंपाइल करी, चुका सोडवी, इथे ठेवी. ते शंभरही जणांना मिळे. नंतर आलेल्यांनाही मिळे. /यूएसआर/लोकल/बिनची यादी काढली की त्या जागी कोणतं काम चालतं ते दिसायचं.

अडचण काढून टाकण्याची. मेक इन्स्टॉलने फायली बिन, लिब, मॅन, इन्फो, शेअर अशा पाच ठिकाणी पसरवल्या. त्यातल्या कोणत्या कोणाच्या, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? या एका प्रश्नावर किती जणांनी डोकं चालवलं! १९९३मध्ये बॉब ग्लिकस्टीनने स्टो लिहिलं. प्रत्येक पॅकेज /यूएसआर/लोकल/स्टोखाली स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवायचं, आणि /यूएसआर/लोकल/बिनमध्ये फक्त सिमलिंक. पॅकेज काढायचं तर सिमलिंक काढायच्या, डिरेक्टरी पुसायची. कुठलाही डेटाबेस नाही, फाईल सिस्टीम हीच नोंदवही. मला आजही ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. स्टो अजून चालतं, पण बहुतेक लोक त्याने होम डिरेक्टरीतल्या सेटिंगच्या फायली सांभाळतात.

‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकात सगळे उपाय ओळीने दिले आहेत. सगळं डोक्यात ठेवा. प्रत्येकाला वेगळी डिरेक्टरी द्या. सिमलिंक वापरा. फायलींच्या वेळांवरून शोधा. इन्स्टॉल होताना पाळत ठेवून यादी करा. आणि एक फार वेगळा उपाय: प्रत्येक पॅकेजसाठी मशीनवर एक वापरकर्ता करा आणि त्याच्या नावाने इन्स्टॉल करा. मग बॅशच्या सगळ्या फायलींचा मालक बॅश, ग्रेपच्या फायलींचा मालक ग्रेप. मालकाच्या नावाने शोध घेतला की यादी तयार. डिरेक्टरींना स्टिकी बिट असल्यामुळे एका पॅकेजला दुसऱ्याची फाईल पुसताही येत नाही. युनिक्सला मालकी माणसांची माहीत होती. ती पॅकेजांना दिली, आणि नवं साधन न बनवता प्रश्न सुटला. हे करणारे फार थोडे. पण ‘ही फाईल कोणाची’ याचं इतकं थेट उत्तर दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही.

बीएसडीच्या दोन शाखांनी या कोपऱ्याबद्दल उलट निर्णय घेतले, आणि दोन्ही मला पटतात. फ्रीबीएसडी म्हणते, मूळ सिस्टीम सोडून सगळं बाहेरचं /यूएसआर/लोकलमध्ये. ते अख्खं पुसलं तरी मूळ सिस्टीम उभी राहते. नेटबीएसडीचं पीकेजीसोर्स /यूएसआर/पीकेजी वापरतं. /यूएसआर/लोकल तुमची आहे, आमची पॅकेजंही तिथे येणार नाहीत.

मॅकवर २००९मध्ये होमब्रूने ही जागा घेतली, कारण कंपायलर आणि स्क्रिप्ट तिथे न सांगता बघतात. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपची मशीनं आल्यावर ते /ऑप्ट/होमब्रूमध्ये गेलं. इंटेलची जुनी पॅकेजं आणि नवी एकत्र मिसळू नयेत म्हणून ते बरोबरच होतं.

पायथनची गोष्ट लांबची आहे, थोडक्यात एवढीच: डेबियनवर रूट होऊन पिप हे पायथनचं इन्स्टॉल करायचं साधन चालवलं की लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिबमध्ये उतरायच्या आणि सिस्टीमच्या स्वतःच्या पायथन प्रोग्रॅमना त्याच आधी सापडायच्या. सिस्टीमची साधनं मोडायची. २०२३च्या बुकवर्मपासून पिप सरळ नकार देतं. ही जागा बाहेरून सांभाळली जाते, असं सांगतं आणि वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला लावतं. नकार योग्य आहे. पण त्यातून काय झालं ते पाहा: पायथनच्या लायब्ररी प्रत्येक प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत, रस्टच्या गोष्टी होममधल्या .कार्गोत, गोच्या होममधल्या गोमध्ये, बाकीच्या .लोकल/बिनमध्ये. एका मशीनवर चार माणसं असतील तर चार प्रती. शंभर जणांसाठी एकदा कंपाइल करणारा तो माणूस या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. त्याची कदर त्या काळीही फारशी झाली नाही.

/एनआयएक्स/स्टोअर

निक्स या पॅकेज-साधनाची ही नवी जागा. यादीत अशासाठी, की ती बाकी सगळ्यांना मोडीत काढते. ईल्को डोल्स्त्राने २००६मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या डिरेक्टरीत, आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला बत्तीस अक्षरांची गुंतवळ. पॅकेज कशापासून, कोणत्या कंपायलरने, कोणत्या पर्यायांनी बनलं, या सगळ्यावरून ती गुंतवळ निघते. एक पर्याय बदलला की पत्ता बदलला. एकाच लायब्ररीच्या दहा आवृत्त्या भांडण न करता राहतात; कालच्या स्थितीत परत जाता येतं. ग्नू गुईक्सचं /ग्नू/स्टोअर याच वाटेवर. निक्सओएसमध्ये /बिनमध्ये फक्त एसएच, /यूएसआर/बिनमध्ये फक्त एन्व्ह.

स्टोला जे सिमलिंकने जमवायचं होतं ते इथे पूर्ण झालं आहे, आणि शास्त्र म्हणून ते बाकी सर्वांहून सरस आहे. माणसाला मात्र हा पत्ता पाठ होत नाही. फोनवरून दुसऱ्याला सांगता येत नाही. प्रत्येक वेळी एका प्रोग्रॅमला विचारावं लागतं. फोनवर ‘/यूएसआर/लोकल/ईटीसीत बघ’ असं सांगून मशीन दुरुस्त करणारी पिढी आहे. तिला याची सवय होणं अवघड जाईल.

/एसबिन

अ‍ॅडमिनच्या कमांड वेगळ्या ठेवायची जागा. आर्चने ती २०१३मध्येच /यूएसआर/बिनमध्ये मिळवली, फेडोराने २०२५च्या एप्रिलमध्ये आवृत्ती ४२मध्ये. अधिकार पत्त्यावर कधीच अवलंबून नव्हता, तो फाईलच्या परवानगीवर होता. जाऊ दे.

/यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर

सनने ठरवलेल्या त्या शेअरमध्ये भाषांच्याही डिरेक्टरी आहेत. एमआर म्हणजे मराठी. आत एलसी_मेसेजेस, आणि तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमची एक एमओ फाईल: मूळ वाक्याला मराठी वाक्य. पुण्यातल्या रेड हॅटमधल्या आणि स्वयंसेवी भाषांतरकारांनी नोम, केडीई, फेडोराच्या इन्स्टॉलरची हजारो वाक्यं मराठीत आणली. मेनूतलं ‘फाइल उघडा’ इथून येतं.

कंटेनर आले तसं सर्व्हरवरून हे गळू लागलं. कंटेनरची प्रतिमा (इमेज) जितकी लहान तितकी बरी, म्हणून डेबियनच्या स्लिम प्रतिमेत डीपीकेजीला सांगून ठेवलेलं असतं की काही पत्त्यांवरच्या फायली उतरवूच नकोस. /यूएसआर/शेअर/मॅन. /यूएसआर/शेअर/इन्फो. /यूएसआर/शेअर/लोकेल. /यूएसआर/शेअर/डॉकमधलंही सगळं, फक्त प्रत्येक पॅकेजची कॉपीराइट नावाची फाईल तेवढी राहते, कारण परवान्याची ती अट आहे. पॅकेज पूर्ण बसल्याचं यादी सांगते. मॅन्युअलचं पान आणि मराठी वाक्यं डिस्कवर नसतात.

ज्यात माणूस कधी डोकावत नाही अशा कंटेनरसाठी हे ठीक आहे. पण त्याच प्रतिमेवर लोक शिकवण्याची मशीनं उभी करतात, गावच्या लायब्ररीतला किऑस्क उभा करतात, आणि मराठी का दिसत नाही ते शोधत बसतात. भाषांतर झालेलं असतं, पॅकेजमध्ये असतं, उतरलेलं नसतं.

उपाय आहे. /ईटीसी/डीपीकेजीखालच्या ज्या फाईलमध्ये पाथ-एक्सक्लूडच्या ओळी आहेत, त्यांच्या खाली /यूएसआर/शेअर/लोकेल/एमआरसाठी पाथ-इन्क्लूडची एक ओळ घालायची. डीपीकेजी शेवटची जुळणारी ओळ मानतं, म्हणून ती खालीच हवी. लोकेल्स हे पॅकेज टाकून एमआर_आयएन तयार करून घ्यायचं. मग जी पॅकेजं मराठीत हवीत ती पुन्हा इन्स्टॉल करायची. आधी गाळलेल्या फायली त्याशिवाय येत नाहीत.